नौदलाची जुनी फायटर विमानं ओळखायची कशी आणि जपायची कशी : ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातून बरीच मुलं विचारतात की काका, जुन्या फायटर विमानांचं रिस्टोरेशन शिकायचंय, सुरवात कुठून करू. आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न रंगाचा असतो, कुठला शेड, किती कोट, स्प्रे की ब्रश. रंग अगदी शेवटी येतो. पहिलं काम ओळखायचं. समोरचं विमान नक्की कुठलं व्हेरिएंट म्हणजे पोटप्रकार आहे, कुठल्या कारखान्यात बनलं, नंतर त्यात काय काय बदललं, हे कळल्याशिवाय त्याला पॉलिश पेपरसुद्धा लावायचा नाही, कारण ते सगळं सांगणारा पुरावा त्याच पत्र्यावर आणि त्याच रंगाच्या थरांत असतो आणि एकदा घासला की गेला, परत आणता येत नाही.

माझा धंदा शीट मेटलचा, वागळे इस्टेटमधे, त्यामुळे मी पत्र्याच्या बाजूने या छंदात आलो. इथे जे लिहितोय ते फक्त बघण्यासाठी ठेवलेल्या विमानांबद्दल आहे, म्हणजे स्टॅटिक डिस्प्ले. परत उडवायचं विमान हा वेगळा विषय, त्यात लायसन्सवाले इंजिनिअर, सर्टिफिकेट, प्रत्येक नटबोल्टचा कागद लागतो, तिथे हौशी माणसाने हात घालू नये.

पायरी १ : आधी बघायला जा, आणि नीट बघा

आपल्या भारतीय नौदलाची जुनी विमानं एका ठिकाणी बघायची तर गोव्याला दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ साली सुरू झालेलं. ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी मडगाव, म्हणजे आपल्यासाठी ते काही लांब नाही. तिथे सी हॉक आणि सी हॅरियर ही जेट फायटर आहेत, आणि बहुतेक लोक ज्याच्यासमोरून न थांबता निघून जातात ते फायरफ्लाय पण आहे. पूर्वी मुंबईत जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरही विमानं बघता यायची, २००१ पासून २०१२ पर्यंत ती म्युझियम होती, नंतर दारूखान्याला भंगारात गेली. ज्यांनी तेव्हा फोटो काढलेत त्यांनी ते जपून ठेवा, ते आता रेफरन्स आहेत.

सोबत काय न्यायचं तर टॉर्च, मेजरिंग टेप, लांब दांड्याचा छोटा आरसा, वही, आणि मोबाईल. हात लावायची परवानगी नसेल तर लावायचा नाही, बाहेरूनसुद्धा खूप कळतं. फोटो काढताना आपण सगळे तिरक्या कोनातून मस्त दिसणारा फोटो काढतो, त्याचा कामाला उपयोग कमी. बरोब्बर बाजूने, बरोब्बर समोरून, बरोब्बर मागून असे काढा, मग जवळ जाऊन नाक, कॉकपिटची काच, शेपटीचा उभा भाग म्हणजे फिन, पंखाखालचे पायलन म्हणजे हत्यारं टांगायचे आधार, चाकांची दारं, एक्झॉस्ट, पंख दुमडायची जागा. प्रत्येक फोटोत काहीतरी माप ठेवा, निदान सहा इंची पट्टी तरी. आणि दोन्ही बाजू काढा, डावीकडे असलेलं उजवीकडे असेलच असं नाही.

पायरी २ : व्हेरिएंट ओळखणं

इथे जास्त वेळ द्या, खरी मजा इथेच आहे. विमानावर रंगवलेला नंबर, बोर्डावर लिहिलेलं नाव, आणि इंटरनेटवरचा फोटो, या तिन्हींवर एकदम विश्वास ठेवायचा नाही. डिस्प्लेला ठेवताना पुष्कळदा दोन विमानांचे भाग जोडून एक केलेलं असतं, नाक एकाचं आणि शेपटी दुसऱ्याची, आणि वरून एकसारखा रंग मारला की बाहेरून कळत नाही. म्हणून विमान तुकड्या-तुकड्याने वाचायचं.

सुरवात सी हॉकने करा कारण ते आपलं आहे. हॉकर कंपनीचं डिझाईन, पण हॉकरने पहिली ३५ बनवली आणि मग काम आर्मस्ट्राँग व्हिटवर्थकडे दिलं, तेव्हा नंतरची सगळी त्यांच्याकडची. इंजिन एकच, रोल्स-रॉईस नीन, पण गंमत अशी की शेपटीच्या टोकाला एक्झॉस्ट नाही. जेटचा पाईप आत दुभागतो आणि पंख जिथे धडाला मिळतो तिथे मागे दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, त्यामुळे मागच्या धडात इंधनाला जागा मिळाली. हवा आत घेणारी तोंडंही पंखाच्या मुळाशीच. नाकाखाली चार २० मिलिमीटरच्या तोफा. इतकं बघितलं की सी हॉक पक्कं, मग कोणी मिग म्हणो की हंटर.

आता पोटप्रकार. एफ.१ हे पहिलं, एफ.२ मधे एलेरॉनला म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या भागाला पॉवर दिली जे बाहेरून दिसत नाही. एफबी.३ मधे पंख मजबूत केला म्हणजे बॉम्ब घेता यावेत, एफजीए.४ मधे पंखाखाली अजून जास्त हत्यारं टांगायची सोय आली. आणि पुढे एफबी.५ म्हणजे एफबी.३ मधे नवीन नीन १०३ इंजिन, आणि एफजीए.६ म्हणजे तेच इंजिन एफजीए.४ च्या धडात. याचा अर्थ लक्षात घ्या, ४ आणि ६ मधला फरक बाहेर उभं राहून ठामपणे सांगता येतच नाही, इंजिनवरची प्लेट वाचावी लागते किंवा विमानाचे कागद. पायलनचे पॉइंट मोजून तुम्ही फार तर "३ किंवा ५" आणि "४ किंवा ६" इतपत याल. वहीत तसंच लिहा, "४ किंवा ६". हे लिहायला कमीपणा वाटून घेऊ नका, उलट "नक्की ६" असं अंदाजाने ठोकून दिलं की पुढचे दहा जण तेच कॉपी करतात.

भारतात अजून एक गुंता आहे. विक्रांत ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला नौदलात आली आणि तिच्यावर आयएनएएस ३०० म्हणजे व्हाईट टायगर्स स्क्वाड्रनची सी हॉक होती, ती ब्रिटनमधून घेतलेली, काही नवीन काही वापरलेली दुरुस्त करून. पण नंतर जर्मन नौदलाने वापरलेली सी हॉकही आपण घेतली, ती मार्क १०० आणि मार्क १०१ (मार्क म्हणजे पोटप्रकाराचा क्रमांक). जर्मन विमानांची फिन आणि तिच्या मागचा हलणारा भाग म्हणजे रडर उंच असतो. १०१ ला उजव्या पंखाखाली रडारचा पॉड असायचा, पण पॉड काढता येतो म्हणून तो नसला तर काही सिद्ध होत नाही, फिन मात्र बोलते. त्यामुळे भारतीय सी हॉकसमोर उभं राहिलात की आधी शेपटी बघा, उंच की बुटकी, आणि मग पायलन. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांतवरून कॉक्स बझार आणि चितगाववर जे हल्ले झाले ते याच जातीच्या विमानांनी केले, त्यामुळे डिस्प्लेच्या बोर्डावर "हेच विमान युद्धात होतं" असं लिहायचा मोह होतो. आधी त्या एका विमानाचा नंबर आणि त्याचा इतिहास जुळवा, मग लिहा.

फायरफ्लायचं सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचं दोन सीटचं फायटर, ग्रिफन इंजिन. पहिल्या मार्कमधे रेडिएटर नाकाखाली लटकलेला दिसतो, मार्क ४ पासून तो पंखाच्या पुढच्या कडेत, मुळाशी गेला आणि नाक एकदम साफ झालं. आपल्याकडे आलेली टीटी.१ म्हणजे पहिल्या मार्कमधे बदल करून निशाणा ओढायला बनवलेली, सरावासाठी मागे कापडी टार्गेट ओढत न्यायची. म्हणजे फायटरचं धड पण काम वेगळं, आणि रिस्टोअर करताना त्याला परत फायटर "बनवायचं" नाही. ते भारतात जसं वापरलं गेलं तसंच राहू द्यायचं.

सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात गोव्याला आली, २०१६ च्या मे महिन्यात तिथल्याच आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर तिला निरोप दिला. आपली एकसीटर म्हणजे एफआरएस.५१ आणि ट्रेनर म्हणजे टी.६०. ब्रिटिश एफआरएस.१ आणि आपली ५१ बाहेरून जवळजवळ सारखी, मोठा फरक म्हणजे ब्रिटिशांकडे साईडवाइंडर आणि आपल्याकडे फ्रेंच मॅजिक मिसाईल. नंतर काही विमानांत इस्रायली रडार आणि डर्बी मिसाईल आलं. ब्रिटिशांची पुढची एफए.२ मात्र लगेच ओळखू येते, नाक गोल आणि फुगीर, आपल्या विमानाचं टोकदार. आणि ब्रिटिश हवाई दलाच्या साध्या हॅरियरपेक्षा सी हॅरियरचं कॉकपिट उंच बसवलंय, पायलटला चहूकडे दिसावं म्हणून. ट्रेनरला एकामागे एक दोन सीट आणि रडार नाही. नंबरवरूनही अंदाज येतो, आपल्या एकसीटर ६०० च्या पुढे आणि ट्रेनर ६५० च्या पुढे, पण परत सांगतो, नंबर हा रंग आहे.

आता बाहेरची, कारण फोटो आणि मॉडेलमधून ती तुमच्यासमोर येणारच. ग्रमन वाइल्डकॅट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन नौदलाचं फायटर, ओळखायला तीन गोष्टी बघायच्या : पंख दुमडतो का, मशीनगन किती, शेपटी किती उंच. पंख दुमडत नाही आणि चार मशीनगन तर एफ४एफ-३. दुमडतो आणि सहा तर एफ४एफ-४. दुमडतो, चारच गन आणि शेपटी बुटकी तर एफएम-१, जे ग्रमनने नाही तर जनरल मोटर्सच्या ईस्टर्न विभागाने बनवलं. दुमडतो, चार गन, आणि शेपटी उंच तर एफएम-२, त्यात इंजिनही वेगळं, दोन रांगांच्या १४ सिलिंडरच्या जागी एका रांगेचं ९ सिलिंडरचं राईट. चारही प्रकारांत चाकं पायलट हाताने हँडल फिरवून वर घ्यायचा, तिसेक फेरे. ब्रिटिशांनी याला मार्टलेट नाव दिलेलं आणि १९४४ च्या जानेवारीपासून तेही वाइल्डकॅटच म्हणायला लागले, तर जुन्या कागदांत दोन्ही नावं सापडतील, गोंधळू नका.

कोर्सेअर म्हणजे व्हॉट कंपनीचं त्याच काळातलं अमेरिकन फायटर, त्यात आधी काच बघा. पट्ट्यापट्ट्यांची पिंजऱ्यासारखी काच म्हणजे अगदी सुरवातीचं एफ४यू-१, फुगीर उंच काच म्हणजे १ए किंवा १डी. चार पात्यांचा पंखा (प्रॉपेलर) आणि इंजिनच्या कव्हरच्या खालच्या ओठात हवेचं तोंड म्हणजे एफ४यू-४. तिथेच गालांवर दोन तोंडं म्हणजे एफ४यू-५. पंख्याच्या पात्यांवर एकट्यावर जाऊ नका, पंखे बदलले जातात. गुडइयरने बनवलेलं एफजी-१डी आणि व्हॉटने बनवलेलं एफ४यू-१डी बाहेरून एकच, फक्त प्लेट सांगते. पंखाची टोकं कापल्यासारखी दिसली तर ब्रिटिश नौदलाचं, त्यांच्या जहाजांच्या हँगरचं छत खाली असल्यामुळे पंख दुमडून उभा राहायला जागा पुरेना म्हणून प्रत्येक टोक साधारण २० सेंटिमीटर छाटलं. अजून एक, ५ च्या आधीच्या कोर्सेअरच्या बाहेरच्या पंखाच्या मोठ्या भागावर पत्रा नाही, कापड आहे. ते न बघता कोणी तिथे पाय ठेवला तर आरपार जाईल. हेलकॅट म्हणजे ग्रमनचंच वाइल्डकॅटनंतरचं फायटर, त्याचे ३ आणि ५ हे दोनच मोठे प्रकार, सुरवातीच्या ३ ला कॉकपिटच्या मागे छोट्या खिडक्या होत्या, ५ मधे पुढे त्या गेल्या, तेवढं नवशिक्याला पुरे.

पायरी ३ : पुरावा गोळा करा, मगच काहीतरी काढा

प्लेट शोधा. कॉकपिटमधे, चाकाच्या खोबणीत, इंजिनच्या जागेत, पंख दुमडायच्या सांध्यापाशी. फक्त मुख्य प्लेट नाही, प्रत्येक पार्टवर ठोकलेले नंबर आणि इन्स्पेक्टरचे शिक्के असतात, त्यांचे फोटो तिरप्या टॉर्चच्या उजेडात काढा, सरळ फ्लॅशमधे ते दिसत नाहीत. ब्रिटिश विमानाच्या पॅनलच्या आतल्या बाजूला कारखान्यातल्या कामगाराने हाताने विमानाचा नंबर लिहिलेला बऱ्याचदा सापडतो. दाराच्या आतला नंबर आणि धडाचा नंबर वेगळा निघाला तर समजा दार दुसऱ्या विमानाचं आहे.

रंगाचे थर हा सगळ्यात मोठा पुरावा. इंग्लंडमधे येओव्हिल्टनला फ्लीट एअर आर्म म्युझियममधे केडी४३१ नंबरचं गुडइयरचं कोर्सेअर आहे, त्याला १९६० च्या दशकात वरून नवा रंग मारलेला होता. त्या लोकांनी नवा रंग मारायच्या ऐवजी तो वरचा थर हाताने, इंचाइंचाने काढला आणि खाली १९४४ चा मूळ रंग, मूळ खुणा, मूळ अक्षरं निघाली. आज ते विमान तसंच, ओरखडे आणि डागांसकट उभं आहे. तिथल्याच एएल२४६ या मार्टलेटवरही पुढे तसंच काम झालं. माझ्या मते नौदल विमानांच्या रिस्टोरेशनमधलं हे सगळ्यात शिकण्यासारखं काम आहे, कारण त्यांनी चकचकीत विमानाच्या जागी खरं विमान निवडलं.

तुम्ही काय करायचं तर रंग काढायच्या आधी न दिसणाऱ्या जागी नाण्याएवढा गोल निवडा आणि बारीक ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू बाहेरून आत घासा, प्रत्येक थर एक रिंग म्हणून दिसेल. फोटो, क्रमांक, जागा, वहीत नोंद. असे गोल नाक, पंख, फिन, चाकाची दारं सगळीकडे करा. बाकीकडे चार थर असताना एखाद्या भागावर दोनच निघाले तर तो भाग नंतर बसवलाय हे तिथल्या तिथे कळतं.

पायरी ४ : जीवाची काळजी

हे वाचल्याशिवाय कॉकपिटमधे बसू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

इजेक्शन सीट. सी हॉकमधेही आणि सी हॅरियरमधेही मार्टिन-बेकरची सीट, आणि ती बारुदाच्या काडतुसांवर उडते. सी हॅरियरच्या काचेत काच फोडणारी स्फोटक दोरीही असते. डिस्प्लेच्या विमानातून हे सगळं काढलेलं असायला पाहिजे, पण "असेल काढलेलं" हे चालत नाही, ज्यांनी काढलं त्यांचा कागद बघा. कागद नसेल तर कॉकपिट बंद, नौदलाच्या माणसाला बोलवा.

जुन्या घड्याळांचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम लावायचे. ती चमक कधीच गेलेली असते, किरणोत्सर्ग गेलेला नसतो, आणि रंगाची पूड उडून नाकात गेली तर वाईट. मीटरची काच उघडायची नाही, फुटलेली असली तर हात न लावता पिशवीत बंद. हिरवट-पिवळा प्रायमर म्हणजे झिंक क्रोमेट, त्याची धूळ कॅन्सर करते, म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं घासायचं, चांगला फिल्टरवाला मास्क, हातमोजे, आणि ते कपडे घरच्या मशीनमधे टाकायचे नाहीत. सोनेरी झाक असलेले बोल्ट बहुतेक कॅडमियम लावलेले, ते ग्राइंडरवर धरायचे नाहीत. चाकांचे शॉकर आणि हायड्रॉलिकच्या बाटल्यांत वर्षानुवर्षं दाब टिकून राहतो, नट सैल करायच्या आधी दाब सोडलाय का ते माहीतगार माणसाकडून बघून घ्या.

पायरी ५ : परवानगी

विमान चौकात असो, कॉलेजात असो की बागेत, ते कोणाचं तरी आहे. लेखी परवानगीशिवाय झाडूसुद्धा मारू नका. अर्ज करताना "आम्ही रिस्टोअर करतो" असं लिहू नका, आधी "धुवून देतो आणि सगळ्या भागांच्या फोटोंची फाईल करून देतो" एवढंच मागा. धुण्याने नुकसान होत नाही, विश्वास बसतो, आणि धुताना तुम्हाला प्रत्येक इंच बघायला मिळतो. भंगारवाल्याकडे विमानाचा तुकडा दिसला तर लिलावाचा कागद विचारा, कागद नसेल तर घेऊ नका.

पायरी ६ : हात बसवा, पण विमानावर नाही

रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, कुठल्याही गाळ्यात शीट मेटलवाला असतो, शनिवारी त्याच्याकडे जाऊन बसा. आयटीआयचा शीट मेटलचा कोर्स केला असेल तर उत्तमच. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला सगळी मिळतात. जुन्या ब्रिटिश विमानाला मेट्रिक पाने बसत नाहीत हे लक्षात ठेवा, तिथे बीए आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे असतात, जवळपासचा मेट्रिक पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि तो नट परत मिळत नाही. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचं काम करणाऱ्यांकडे हे पाने असतात, त्यांच्याशी ओळख काढा.

सरावाला साधा एक मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा घ्या, दोन तुकडे एकमेकांवर, आणि रिव्हेट मारायला शिका. ३.२ मिलिमीटरची म्हणजे एक अष्टमांश इंची रिव्हेट घ्या. भोक पत्र्याच्या कडेपासून निदान रिव्हेटच्या जाडीच्या (व्यासाच्या) दुप्पट आत, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. दोन रिव्हेटमधलं अंतर निदान जाडीच्या तिप्पट. मागून डॉली म्हणजे जड लोखंडी ठोकळा धरून ठोकल्यावर जे डोकं तयार होतं ते रुंदीला जाडीच्या दीडपट आणि उंचीला निम्मं पाहिजे, म्हणजे साधारण ४.८ रुंद आणि १.६ उंच. कॅलिपरने मोजा, नजरेने नाही. डोकं तिरकं झालं, किंवा दोन पत्र्यांमधे फट राहिली तर ती रिव्हेट काढा.

आणि काढणं हे मारण्यापेक्षा जास्त वेळा लागतं. डोक्याच्या मधोमध पंच मारा, रिव्हेटपेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीपर्यंत भोक पाडा, डोकं पंचने हलवून तोडा, मागून पत्र्याला आधार देऊन उरलेला दांडा हळू बाहेर ठोका. भोक मोठं झालं नाही तर जिंकलात. पत्र्याला एकही ओरखडा न पडता सलग एक ओळ काढता आली की मगच खऱ्या विमानाचा विचार करा. पॉप रिव्हेट मारून झटपट काम उरकायचं नाही, बाहेरून तेवढंच दिसतं पण पुढच्या माणसाला ते विमान वाचता येत नाही. आणि पत्र्यावर खूण करायला पेन्सिल वापरू नका, ग्राफाइटमुळे अॅल्युमिनियम त्याच रेषेवर गंजतं. मार्कर वापरा.

पायरी ७ : गंज, आपल्या हवेतला

खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, आपल्या ठाणे-नवी मुंबईत विमानाचं खरं दुखणं हेच. ग्रमनच्या वाइल्डकॅटची कितीतरी धडं अमेरिकेत लेक मिशिगनच्या तळातून काढली, युद्धात तिथे दोन वाफेच्या जुन्या बोटींवर डेक बसवून पायलटांना सराव द्यायचे आणि शंभराच्या वर विमानं पाण्यात गेली. पन्नास वर्षांनी बाहेर काढली तर काहींचे रंग आणि अक्षरंसुद्धा वाचता येत होती, कारण पाणी गोडं आणि थंड. तेच विमान समुद्रात असतं तर मीठ ते खाऊन बसलं असतं. सी हॅरियरच्या पेगॅसस इंजिनमधेही म्हणूनच मॅग्नेशियमचे भाग काढून दुसरे धातू घातले होते, खाऱ्या हवेत मॅग्नेशियम टिकत नाही.

अॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरी-राखाडी भुकटी असते. नुसती वरवर भुकटी असेल तर वाचतं. रंगाखाली दोऱ्यासारख्या वळवळत्या रेषा दिसल्या तर रंगाच्या खाली चालू आहे. जाड पट्टीची कड खारी बिस्किटासारखी पापुद्र्यांत सुटली असेल तर तो भाग आतून गेलाय, तिथे घासून उपयोग नाही, भाग बदलायचा किंवा आधार द्यायचा. आधी बघायच्या जागा म्हणजे पंख दुमडायचे सांधे, अरेस्टर हुकची (जहाजावर उतरताना तार पकडणाऱ्या हुकची) जागा, चाकांच्या खोबणी, तोफांची जागा, आणि जिथे जिथे लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियमला लागतो. इथे एक कळकळीची विनंती, चमकतो म्हणून एसएसचा नटबोल्ट घालू नका. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकत्र, मधे खारट ओल, की अॅल्युमिनियम झिजतं आणि बोल्ट तसाच चमकत राहतो. घालावाच लागला तर मधे सीलंट आणि वॉशर.

घासायला स्टीलचा ब्रश किंवा स्टील वूल नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथे नव्याने गंज सुरू होतो. सँड ब्लास्टिंग तर अजिबात नको, पातळ पत्रा ताणून लाटा पडतात. नायलॉनचं पॅड, पाणी, साधा न्यूट्रल साबण. अॅल्युमिनियम चमकवायचं जे अॅसिड हार्डवेअरमधे मिळतं ते पत्रा आणि तुमची बोटं दोन्ही खाईल. खड्डे गाड्यांच्या पुट्टीने भरू नका, पुट्टीखाली ओल धरते.

पायरी ८ : आता रंग

वर सांगितलेल्या गोलांमधून जे थर निघाले त्यावरून कुठल्या काळातलं विमान दाखवायचं ते ठरवा, आणि एकाच काळाचं दाखवा. ब्रिटिश नौदलाच्या सी हॉकचा रंग वरून गडद राखाडी आणि खालून फिकट हिरवट, त्याला स्काय म्हणतात. आपली सी हॅरियर सुरवातीला वरून गडद राखाडी खालून पांढरी होती, नंतरच्या वर्षांत सगळी राखाडी झाली. नंतरचं रडार बसवलेल्या विमानाला पहिल्या दिवसांचा पांढरा रंग दिला की जाणकाराला लगेच खटकतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर रंगाचं काम काढू नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर पाहिजे, साधा हवामान मीटर आणि पत्र्याला लावायचा थर्मामीटर घेऊन तपासता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दहानंतर आपल्याकडे चांगलं जमतं. आधी साबणाने धुणं, गोड्या पाण्याने भरपूर खळबळणं, पूर्ण सुकवणं, मग अॅल्युमिनियमसाठीचा कन्व्हर्जन कोट म्हणजे रंग नीट धरावा म्हणून द्यायचा रासायनिक थर, मग त्याच दिवशी प्रायमर. जुना मूळ रंगाचा एखादा चौकोन तसाच ठेवा, वरून क्लिअर कोट न मारता, आणि त्याची जागा फाईलमधे लिहा.

नंतरची देखभाल

पोटाच्या खाली पाणी जायला भोकं असतात, ती रंगाच्या थरांनी बुजलेली असतात आणि मग पावसाचं पाणी आतच साठतं. बाहेर ठेवलेल्या विमानांचं सगळ्यात जास्त नुकसान याने होतं असं माझं मत आहे, आणि इलाज पाच मिनिटांचा, लाकडी काडीने ती मोकळी करा. इंजिनच्या तोंडांना आणि एक्झॉस्टला जाळी लावा, कबुतरांची विष्ठा पत्रा खाते. प्लास्टिकच्या ताडपत्रीने घट्ट झाकू नका, आत वाफ धरते. टायरवर वर्षानुवर्षं वजन ठेवू नका, खाली स्टँड द्या. पाऊस संपला की ऑक्टोबरात एकदा पूर्ण धुवा आणि तेच फोटो, त्याच जागांचे, त्याच कोनातून परत काढून मागच्या वर्षीच्या फोटोंशेजारी लावा, कुठे फोड आलाय, कुठल्या रिव्हेटभोवती काळी रिंग दिसतेय, ते तारखेसकट फाईलमधे लिहा आणि फाईलची एक कॉपी विमान ज्यांचं आहे त्यांना द्या.